ओल्या पापडाचं क्रियापद

गव्हाचा चीक शिजून खाली उतरला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. ऊन तापायच्या आत कुरडया घालून व्हायला हव्यात म्हणून मावशीनं मला पहाटेच उठवलं होतं. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलेलं, चारी कोपऱ्यांवर दगड. एका अंगाला पोळपाट-लाटणं आणि ओल्या फडक्याखाली झाकलेल्या उडदाच्या लाट्या.

मावशी पुण्यात ३१ वर्षं जपानी शिकवत होती. मी भाषाशास्त्र शिकायला ॲरिझोनात गेले आणि तिथे दोन वर्षं नवाहो भाषेच्या वर्गात बसले. नवाहो लोक स्वतःला दिने म्हणतात आणि भाषेला दिने बिझाद. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत पसरलेल्या त्यांच्या मुलखात ती बोलली जाते. मावशीचं मत असं, की एकमेकींशी कसलंही नातं नसलेल्या या दोन भाषा आश्चर्य वाटावं इतक्या ठिकाणी भेटतात. मला ते भेटणं दुरून दिसतं तेवढंच वाटायचं. आम्ही दोघीही या बाबतीत हळव्या, त्यामुळे आवाज चढतो. त्या सकाळी जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहिते आहे.

मावशी : हा पापड उचल आणि तिकडे टाक. हां. आता सांग, हाच पापड मला नवाहोत मागायचा असला तर?

मी : आधी पापडाकडे नीट बघावं लागेल. गोटीसारखं, दगडासारखं भरीव काही मागायचं तर ‘शा नी'आह’. लाटणं, पेन्सिल, काठी असं लांब आणि ताठ काही असेल तर ‘शा नीथींह’. दोरी असेल तर ‘शा नीले’. वाडग्यात पाणी असेल तर ‘शा नीखाह’. कागद, कापड, हा ओला पापड, म्हणजे पातळ आणि लवणारं जे जे, त्याला ‘त्सोस’ हा धातू. आणि हा चीक तर खासच. चिखल, सैल कणीक, लापशी अशा लिबलिबीत गोष्टींना स्वतंत्र धातू आहे, ‘त्लेह’. तान्हं मूल मागायचं तर आणखी वेगळा. व्याकरणकार असे अकरा-एक गट मोजतात. सगळ्याला चालेल असं नुसतं ‘दे’ तिथे नाही.

मावशी : आणि मी वर्गात पहिल्या महिन्यात काय शिकवत होते? एक पेन्सिल म्हणजे इप्पोन, एक कागद म्हणजे इचिमाइ, एक पुस्तक म्हणजे इस्सात्सु. लांबट वस्तूंना होन, चपट्यांना माइ, यंत्रांना दाइ. कुत्र्याला हिकी, गाईला तो, पाखराला वा, आणि सशालाही वा. मध्ये अख्खा प्रशांत महासागर असताना दोन्हीकडच्या माणसांनी वस्तू लांब, चपट्या, गोल अशाच वाटून घेतल्या. हे तुला किरकोळ वाटतं?

मी : निकष जवळचे आहेत, पण ते भाषेत कुठे बसतात ते बघ. जपानीत आकार मोजताना येतो. ‘पेन्सिल द्या’ म्हणायचं तर ‘एन्पित्सु ओ कुदासाइ’, संपलं, त्यात होन आलंच नाही. नवाहोत आकार शिरतो तो क्रियेत. हातानं वस्तू कशी धरली जाईल ते क्रियापद सांगतं. त्यामुळे नाम तेच ठेवून क्रियापद बदललं की वस्तूच बदलते. ‘बेसो’ म्हणजे पैसा, स्पॅनिश पेसोवरून आलेला. त्याला भरीव वस्तूचं क्रियापद लावलं की ते नाणं, लवणाऱ्या चपट्या वस्तूचं लावलं की नोट. नाणं किंवा नोट असा शब्द उच्चारायची गरजच पडत नाही.

मावशी : मग हा पापड?

मी : आत्ता लटपटतोय तोवर त्सोसचा. दुपारी कडक झाला की त्या गटातून बाहेर.

मावशीनं पुढचा पापड लाटता लाटता थांबून हातावर घेतला, थोडा हलवून बघितला आणि लुगड्यावर सोडला. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नव्हतं.

मावशी : आपल्यात नाही का हे? वाढायचं ते अन्न. ओतायचं ते पातळ. पसरायचं ते कापड. आत्ता कुरडई आपण ‘घालतो’, पापड ‘लाटतो’.

मी : आहे, पण मराठीत पळवाट आहे. आळस आला की ‘दे’, ‘ठेव’, ‘टाक’ म्हणून मोकळं होता येतं. नवाहोत तशी मोकळीक नाही. भाषा काय बोलू देते ते महत्त्वाचं नाही, सगळ्याच भाषा सगळं बोलू देतात. काय टाळू देत नाही ते बघायला हवं.

मावशी : मग मोजण्यात मराठी काय टाळू देते? दोन पापड, दोन कुत्री, दोन घरं. माणसं आली की दोघं, तिघं, चौघं. पुढे ‘जण’ जोडावं लागतं. पाच जण आले म्हणशील, पाच जण पापड म्हणणार नाहीस. जपानीतही माणसांचेच पहिले दोन आकडे निराळे, हितोरी आणि फुतारी. इंग्रजी पाठ्यपुस्तकं या गोष्टीला दोन पानं खर्च करतात, जणू काही पूर्वेकडचं गूढ. मी फळ्यावर एकटा, दोघं, तिघं लिहायची आणि मुलांना पुढचं आपोआप कळायचं.

हे मला तिथे वर्गात कधी सुचलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. मी दोन वर्षं इंग्रजीच्या खिडकीतून नवाहो बघत होते. माझ्या वह्यांमध्ये सगळे अर्थ इंग्रजीत, सगळ्या तुलना इंग्रजीशी. मी ते तिला सांगितलं नाही, मुद्दा बदलला.

मी : आता तू म्हणशील, अशी भाषा बोलणाऱ्यांचं बघणंही निराळं होतं.

मावशी : म्हणणारच. तीस वर्षं पाहिलंय.

मी : मग हे ऐक. जॉन कॅरल आणि जोसेफ कासाग्रांडे या दोघांनी नवाहो मुलांवर केलेला प्रयोग १९५८ साली छापून आला. मुलांपुढे एक पिवळी काठी आणि एक निळी दोरी ठेवायची, मग पिवळी दोरी दाखवायची आणि विचारायचं, ही कुणाच्या जोडीची? घरात नवाहो बोलणारी मुलं जास्त वेळा दोरीला दोरी लावत. त्याच वस्तीतली, पण इंग्रजीत वाढणारी मुलं रंगाकडे जास्त झुकत.

मावशी : झालं की मग!

मी : नाही झालं. त्यांनी बॉस्टनमधल्या सुखवस्तू घरांतली गोरी मुलंही तपासली. तीही आकारच निवडत होती. त्यांच्या घरात ठोकळे, भोकांत बसवायचे तुकडे, असली खेळणी ढीगभर होती. म्हणजे जे काम नवाहोत क्रियापदानं केलं ते तिकडे खेळण्यांनी केलं. भाषा हा बघायला शिकवणारा एक हात आहे, एकटा नाही.

मावशी : एक हात आहे, एवढं मला पुरे. आणि मुत्सुमी इमाई आणि डेड्री गेंटनर यांचं १९९७चं काम तूच मला वाचायला दिलं होतंस, ते विसरू नकोस. मेणाचा साध्या घाटाचा तुकडा दाखवून त्याला एक नवं नाव दिलं, तर अमेरिकन मुलं त्याच घाटाच्या दुसऱ्या वस्तूला ते नाव देत, जपानी मुलं त्यांच्यापेक्षा जास्त वेळा मेणाच्याच दुसऱ्या तुकड्यांना. जपानी मूल पदार्थ बघत होतं.

मी : बघ, तूच माझा मुद्दा मांडलास. नवाहो मूल आकाराकडे गेलं, जपानी मूल पदार्थाकडे. मोजताना लांब-चपटं बोलणारी भाषा असूनही. मग ‘दोघींना आकार दिसतो’ हे तुझं साम्य कुठे राहिलं?

मावशी काही बोलली नाही. सोऱ्यात चीक भरून तिनं एक कुरडई घातली, एकही तार न तुटता. वादात मागे पडली की तिचे हात जास्त नीट चालतात, लहानपणापासून बघते आहे.

मावशी : बरं, आकार सोड. वाक्याची ठेवण घे. दोन्हीकडे क्रियापद शेवटी. दोन्हीकडे शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून. आणि हे दोन्ही मराठीतही आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था जपानीला २२०० तास लागतील अशा सगळ्यात अवघड गटात घालते. इंग्रजी बोलणाऱ्यासाठी ते खरंच असेल. पण आपल्या पोरांना वाक्य उलटं करावंच लागत नाही, ती सरळ शब्दाला शब्द लावत जातात. कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, शिकायला मेहनत आहे, वाक्य रचायला नाही. काना ही जपानी अक्षरमाला शिकताना तर क-वर्ग, त-वर्ग ओळखीचेच, कारण का-सा-ता-ना हा क्रमच संस्कृत वर्णमालेवरून गेलेला.

मी : क्रियापद शेवटी आहे हे खरं. पण त्या क्रियापदाच्या आत शीर. जपानी शेपटीकडून वाढते. ‘ताबेसासेरारेता’, यात खाणं पुढे, मग खायला लावणं, मग ते आपल्यावर होणं, मग भूतकाळ. मराठीही तशीच मागून वाढते, कर, करव, करवलं. नवाहो मात्र सगळं धातूच्या आधी रचते. धातू शेवटी एकटा बसतो आणि त्याच्यापुढे उपसर्गांची रांग. ही ठेवण फार दुर्मीळ आहे. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा बहुधा प्रत्यय मागेच लावतात, नवाहो तो कल मोडते.

मावशी : एखादं दाखव.

मी : काम करणं. मी काम करते, ‘नाशनिश’. तू काम करतेस, ‘नानिलनिश’. तो काम करतो, ‘नाल्निश’. ‘मी’ कुठे आहे बघ, मधे अडकलेला ‘श’. माणूस क्रियापदाच्या पोटात असतो. आपल्याकडे तो शेपटीला असतो, करतो, करतेस, करतात. आणि जपानीत?

मावशी : जपानीत नसतोच. हाताराकिमासु. मी, तू, तो, ते, सगळ्यांना तेच.

मी : म्हणूनच मला ‘दोन्ही भाषा सर्वनाम गाळतात’ हे वाक्य खुपतं. दोन्ही गाळतात, पण उलट्या कारणांनी. नवाहोत सर्वनाम लागत नाही कारण क्रियापदानं कर्ता सांगून टाकलेला असतो, बऱ्याचदा कर्मही. जपानीत लागत नाही कारण ऐकणाऱ्यानं ते समजून घ्यायचं असतं. एकीत सगळं बोललेलं आहे, दुसरीत सगळं सोडलेलं आहे, आणि कागदावर दोघींच्या नावापुढे एकच खूण पडते.

यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, हे तू आधी का नाही सांगितलंस, मी वर्गात सांगितलं असतं. तिच्या आवाजात हरल्याची सल नव्हती, वर्ग संपल्याची होती.

मधेच रंगांचा विषय निघाला, तो मी थोडक्यात सांगते, कारण तिथे तिचंच खरं ठरलं. जपानीत सिग्नलचा हिरवा दिवा आजही ‘आओ’ म्हणजे निळाच म्हणवला जातो, हिरवं सफरचंदही आओ. नवाहोत ‘दोत्लिझ’ या एका शब्दात निळं आणि हिरवं दोन्ही मावतं, त्यांच्या दागिन्यांतल्या पेरोज्याचा रंग. नेमकं सांगायचं तर आभाळासारखं दोत्लिझ किंवा शेवाळासारखं दोत्लिझ असं म्हणतात. अशा भाषा जगात पुष्कळ आहेत, पण इथे मला भांडायला जागा नव्हती.

ध्वनींचंही तसंच झालं. मी मघापासून थ आणि ख म्हणत होते, ते नवाहोच्या रोमन लिपीत टी आणि के असे लिहितात. ‘दिने’मधला द कानाला आपल्या त-च्या जवळ लागतो. म्हणजे फरक अल्पप्राण-महाप्राण असा आहे, आणि त्यावर तिसरा गट, घसा बंद करून फोडलेले उच्चार. माझ्या वर्गातले अमेरिकन सोबती पहिल्या दोन गटांवरच अडखळत, मला फक्त तिसरा शिकावा लागला. मावशी म्हणाली, जपानीतही तेच, आपल्याला मात्रा ठाऊक असतात. ‘निप्पोन’च्या चार मात्रा मराठी मूल टाळ्या वाजवून मोजतं, हायकूची सतरा अक्षरं नसून सतरा मात्रा असतात हेही त्याला लगेच पटतं. सुरांचं काम मात्र दोन्हीकडे आपल्याला नवं. जपानीत ‘हाशी’चा सूर चढला-उतरला की जेवायच्या काड्यांचा पूल होतो. नवाहोत ‘अझे’ खालच्या सुरात औषध, वरच्या सुरात तोंड.

मावशी : आता माझा आवडता मुद्दा. परवा गच्चीवर मला गांधीलमाशी चावली. मी खाली येऊन काय म्हटलं?

मी : ‘मला गांधीलमाशी चावली.’

मावशी : ‘गांधीलमाशी मला चावली’ असं नाही म्हटलं. जपानीतही माशीला कर्ता करून बोललं की कानाला खटकतं. मी ‘हाचि नि सासारेता’ म्हणणार, माशीकडून डसले गेले. पाऊस लागला तरी ‘आमे नि फुरारेता’, म्हणजे पाऊस माझ्यावर पडला गेला, आणि त्यात माझी फजितीही आली. माणूस आधी, माशी मागून. आणि नवाहोत काय आहे ते तूच पत्रात लिहिलं होतंस.

मी : नवाहोत तर तो नियमच आहे. माणूस वर, मग मोठी जनावरं, मग लहान, मग किडे, मग निर्जीव वस्तू. वरच्याचं नाव वाक्यात आधी यायला हवं. कोण कुणाला चावलं ते क्रियापदातला ‘यि’ किंवा ‘बि’ सांगतो. ‘घोड्यानं माणसाला लाथ मारली’ या क्रमानं बोललं तर ऐकणाऱ्याला ते वाक्य भलतंच वाटतं. ‘माणूस, घोडा, बि-लाथ’ असंच म्हणायचं. गॅरी विदरस्पून यांनी १९७७च्या पुस्तकात त्याचा अर्थ असा लावला, की बुद्धीनं वरचढ असलेल्यानं ते होऊ दिलं, असा भाव त्या रचनेत आहे. माणसानं सावध राहायला हवं होतं.

मावशी : हे तर माझी आईच बोलते आहे असं वाटतं. ‘माशी चावली कशी? तू कुठे हात घातला होतास?’

मी : पण त्याला जपानी कर्मणीशी जोडू नकोस. जपानीत क्रियापदाला प्रत्यय लावून ते झेलणाऱ्याच्या बाजूनं वळवलं जातं. नवाहोत वळवणं नाही, दोघेही क्रियापदात हजर असतात, फक्त मान कुणाला ते ठरतं.

मावशी : मान! तूच शब्द काढलास. मग मराठीत ‘मी मुलाला बघितलं’ पण ‘मी पुस्तक बघितलं’, हे ‘ला’ काय आहे? जीव असला की ला, नसला की काही नाही. जपानीत जिवंत असेल तर ‘इरु’, निर्जीव असेल तर ‘आरु’. तिन्ही भाषा जीव असण्याला मान देतात. कुणी ‘ला’ लावून, कुणी क्रियापद बदलून, कुणी रांगेत पुढे उभं करून. हे दुरून दिसणारं साम्य आहे?

मी : नाही. हे नाही.

एवढं बोलून आम्ही पाणी प्यायला सावलीत बसलो. मग मीच एक गोष्ट काढली, जी वर्गात पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला रडू आलं होतं. नवाहोत ‘मा’ म्हणजे आई, पण ‘मा’ हा शब्द एकटा उभा राहत नाही. शिमा म्हणजे माझी आई, निमा तुझी, बिमा त्याची किंवा तिची. कुणाची ते ठाऊक नसेल तरी ‘कुणाची तरी’ असा उपसर्ग लावावा लागतो. कुणाचीच नसलेली आई त्या भाषेत बोलता येत नाही. मावशीनं लगेच सांगितलं, जपानीत परक्यापुढे स्वतःच्या आईला ‘हाहा’ म्हणायचं आणि समोरच्याच्या आईला ‘ओकासान’. तिथेही कुणाची ते टाळता येत नाही. भावंडांचंही तसंच. दोन्ही भाषांत थोरल्या भावाला एक शब्द, धाकट्याला दुसरा, बहिणींनाही तसंच, आणि नुसता ‘भाऊ’ सहज म्हणता येत नाही.

मी : पण एका शब्दापाशी जपानी बाजूला पडते. मावशी. जपानीत ‘ओबा’ म्हटलं की आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्या आल्या.

मावशी : लिहिताना कांजी दोन आहेत. पण त्या आई-वडिलांपेक्षा थोरली की धाकटी एवढंच सांगतात. कुणाकडची ते नाही.

मी : नवाहोत मावशी म्हणजे ‘शिमा याझी’. माझी छोटी आई. कुळ आईकडून चालतं, त्यामुळे मावशी आपल्याच कुळातली. ओळख करून देताना माणूस आधी आईचं कूळ सांगतो, मग वडिलांचं, मग दोन्ही आजोबांचं.

मावशी : माय मरो, मावशी जगो.

ती हे सहज बोलून गेली. माझी आई जाऊन आठ वर्षं झाली. आम्ही दोघी काही वेळ कुरडयांकडे बघत बसलो.

‘मा’ याच शब्दानं वाद पुन्हा पेटवला. निहिमा म्हणजे आमची आई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौसैनिक दलातल्या नवाहो जवानांनी जी सांकेतिक भाषा रचली, तीत अमेरिकेला हाच शब्द होता. फिलिप जॉन्स्टन या मिशनऱ्याच्या मुलाचं बालपण नवाहो मुलखात गेलं होतं, त्यानं ही कल्पना सुचवली. १९४२ साली पहिल्या २९ जणांनी संकेत बसवला. गिधाड म्हणजे बाँबफेकी विमान, लोखंडी मासा म्हणजे पाणबुडी, कासव म्हणजे रणगाडा, बटाटे म्हणजे हातबाँब. १९४५ साली इवो जिमाच्या लढाईत पहिल्या दोन दिवसांत सहा जणांनी आठशेहून अधिक संदेश एकही चूक न करता पोचवले.

मी : या दोन भाषा प्रत्यक्षात भेटल्या त्या अशा, बिनतारी यंत्राच्या दोन टोकांना. जो कियूमिया हा नवाहो सैनिक फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या कैदेत सापडला. त्याला ते संदेश ऐकवून अर्थ सांग म्हणून छळलं. त्याला शब्द कळत होते, गिधाड, कासव, बटाटे. संकेत त्याला कुणी शिकवलाच नव्हता. लोक म्हणतात ती भाषा अवघड होती म्हणून फुटली नाही. मला ते वाक्य सहन होत नाही. भाषेवर संकेत होता, आणि ती भाषा शिकावी असं बाहेरच्या फारच थोड्यांना वाटलं होतं, हे खरं कारण. ज्या पोरांना सरकारी निवासी शाळेत नवाहो बोलल्याबद्दल तोंडात साबण घालून शिक्षा झाली होती, त्यांनाच मग त्याच भाषेसाठी बोलावून घेतलं. पहिल्या २९ जणांतल्या चेस्टर नेझनं ते सांगून ठेवलंय. तो संकेत १९६८पर्यंत गुपित राहिला, पहिल्या २९ जणांना सुवर्णपदकं मिळाली ती २००१ साली. आणि आपण इथे बसून रकाने आखतो, आकार इकडे आहे, आकार तिकडे आहे. एक भाषा १२ कोटी लोकांची, तिच्यामागे राज्य, शाळा, छापखाने. दुसरी दीड लाखाच्या आसपास लोकांची, आणि त्यातही लहान मुलं कमी होत चाललेली. शेजारी मांडल्या की वाटतं दोघी बरोबरीच्या आहेत.

मावशी : जपानीला एका सुरात राज्याची भाषा म्हणू नकोस. ओकिनावात शाळेत घरची बोली बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात पाटी अडकवत, ‘होगेन फुदा’. होक्काइदोत आइनू लोकांसाठी १८९९ साली ‘संरक्षणा’चा कायदा केला आणि त्या संरक्षणात त्यांची भाषा गेली. तो कायदा रद्द व्हायला १९९७ उजाडलं, ते मूळचे रहिवासी आहेत असं कायद्यात यायला २०१९. तुझ्या नवाहोची खरी जोड आइनूशी आहे, हे मला माहीत आहे. मी वर्गात दरवर्षी एक तास त्यावर बोलायची, परीक्षेत नसलं तरी.

मी : मग तुला कळतंय मी काय म्हणते ते.

मावशी : कळतंय. पण तू त्या भाषेला दवाखान्यातल्या खाटेवर झोपवून तिच्याबद्दल बोलतेस. दोन वर्षं वर्गात बसलीस. शिकवणाऱ्या बाई काय शिकवायच्या, युद्ध?

मी आठवून पाहिलं. दोन वर्षांत बाईंनी युद्धाचं नाव एकदाही काढलं नव्हतं. त्या एक पिशवी घेऊन यायच्या. तिच्यातून दोरी, बूट, कपात कॉफी, लोकरीचा पुंजका, ओल्या मातीचा गोळा एकेक करून काढायच्या आणि प्रत्येकानं तो दुसऱ्याकडे मागायचा. कुणी चुकलं तर त्या वस्तू परत पिशवीत घालायच्या. बरोबर क्रियापद आलं की त्यांचा चेहरा जसा उजळायचा, तसा मी मावशीचा वर्गात उजळताना पाहिला आहे. त्या ॲनिमेशनपटाबद्दलही उत्साहानं बोलायच्या, ‘फाइंडिंग नीमो’ २०१६ साली नवाहोत आला तो. ‘स्टार वॉर्स’ त्याआधी तीन वर्षं आला होता. आणि संगणकाला काय म्हणायचं, तर ‘बेश नित्सेखेसी’, विचार करणारं लोखंड. विमान म्हणजे उडणारी गाडी. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आगगाडी आणि आगबोट म्हणणारे आपणही त्यातलेच. जपानी मात्र परका शब्द उचलून आपल्या अक्षरांत बसवते, पोर्तुगीजांकडून पाव आपण घेतला तसा तिनं ‘पान’ घेतला.

मावशी : त्या बाईंना दया नको असेल. त्यांना चुका दुरुस्त करायच्या असतील. भाषा शेजारी मांडल्या म्हणजे बरोबरीच्या ठरतात असं नाही. पण मांडल्याशिवाय मला काय कळलं असतं, की ‘नाशनिश’मधे माणूस पोटात आहे आणि माझ्या जपानीत तो कुठेच नाही? इतकी वर्षं शिकवली, माझं लक्षच नव्हतं.

मी : मग तुझं म्हणणं मान्य. फक्त रकाने इंग्रजीत नकोत.

मावशी : ते मी सात वाजल्यापासून सांगते आहे.

ऊन आता अंगावर आलं होतं. लुगड्याच्या कडेचे पापड थोडे ताठ व्हायला लागले होते, मधले अजून मऊ. पातेल्याच्या तळाशी एका घाण्यापुरता चीक उरला होता आणि हाताला सोसेल इतका निवला होता. मावशीनं रिकामा सोऱ्या माझ्यापुढे धरला.

‘मागू का?’ ती म्हणाली. ‘पण पातेलं मागू की चीक मागू?’

‘पातेल्यासकट हवा असेल तर शा नीखाह. हातानं गोळा काढून द्यायचा असेल तर शा नीत्लेह.’

तिनं दोनदा पुटपुटून पाहिलं. पहिल्यांदा त्ले-च्या मधे एक स्वर शिरला, जपानीत दोन व्यंजनं अशी सलग येत नाहीत म्हणून तिच्या जिभेला लागलेली सवय. दुसऱ्यांदा बरोबर आलं. मी पातेलं खाली ठेवलं, हात ओला केला आणि गोळा काढला.